कोकमाच्या अर्कातून झिंक ऑक्साइड: आमसुलातलं मीठ आणि फसवं वलय

वनस्पतीच्या अर्कातून धातूच्या ऑक्साइडचे नॅनोकण बनवायचे आणि त्यांची जिवाणूंवर चाचणी घ्यायची, हा प्रकल्प आता पदव्युत्तर रसायनशास्त्राच्या वर्गात नेहमीचा झाला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो निघाला की अर्क बहुतेक वेळा कोकमाचाच निवडला जातो, आणि ते योग्यही आहे. साल सहज मिळते, आम्ल भरपूर असतं, रंग गडद असतो. मात्र याच तीन गुणांमुळे प्रयोग कसा फसतो, ते या प्रकरणात दिसतं. प्रकरण कुणा एका प्रयोगशाळेचं नाही. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयात एकामागून एक येणाऱ्या अडचणी एका बॅचमध्ये बसवून ते रचलं आहे. त्यातले ग्रॅम आणि मिलीमोल हिशेबाचे आहेत, कुणालाही कागदावर ताळा करून पाहता येतील.

पहिली बॅच

महिना ऑगस्टचा. रातांब्याचा हंगाम पहिल्या पावसाबरोबर संपलेला, म्हणून बाजारातून आमसुलं आणली. १० ग्रॅम आमसुलं कापून १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात ७० °से.ला अर्धा तास ठेवली, मलमलीतून आणि मग गाळणकागदातून गाळली. २.१९५ ग्रॅम झिंक अॅसिटेट डायहायड्रेट, म्हणजे बरोबर १० मिलीमोल, ८० मिली पाण्यात विरघळवलं आणि त्यात २० मिली अर्क घातला. ६० °से.ला ढवळत १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे २० मिली थेंबाथेंबाने सोडले. हे प्रमाण पानांच्या अर्कासाठी लिहिलेल्या कृतीतून जसंच्या तसं उचललेलं होतं. दोन तास ढवळून सेंट्रिफ्यूज केलं, दोनदा पाण्याने धुतलं आणि ८० °से.ला रात्रभर वाळवलं. ‘वनस्पतीचं आवरण जळून जाईल’ म्हणून भट्टीत भाजलं नाही.

नोंदवहीत चार गोष्टी यशाच्या म्हणून लिहिल्या गेल्या. अल्क घालताना लाल द्रावण जांभळट आणि मग करडं झालं, म्हणजे नॅनोकण तयार झाले. उत्पादन १.१ ग्रॅम मिळालं, म्हणजे भरघोस. कूपपद्धतीत स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर मोठं आणि ई. कोलायवर त्याहून थोडं लहान वलय (कूपाभोवती जिवाणू न वाढलेली मोकळी जागा) आलं. डीपीपीएच चाचणीत (या रंगद्रव्याचा जांभळा रंग किती फिका पडतो ते मोजतात) प्रतिऑक्सिडीकरण उत्तम निघालं. एक्सआरडीसाठी (क्ष-किरण विवर्तन; यात प्रत्येक स्फटिक ठरावीक कोनांवर शिखरं देतो) नमुना घाटावर पाठवला होता, त्याचा आलेख चाचण्या उरकल्यावर हाती आला.

या चारपैकी एकही निष्कर्ष टिकत नाही.

वजनानेच सांगितलं होतं

१० मिलीमोल जस्तापासून जास्तीत जास्त ०.८१४ ग्रॅम झिंक ऑक्साइड मिळू शकतं. सगळं जस्त हायड्रॉक्साइडच राहिलं असं धरलं तरी ०.९९४ ग्रॅमच्या पुढे जाता येत नाही. १.१ ग्रॅम भुकटीत याखेरीज आणखी काहीतरी असणारच. हा ताळा दोन मिनिटांचा आहे आणि तो भुकटी बाटलीत भरण्याआधी व्हायला हवा. वनस्पतिजन्य संश्लेषणात शंभर टक्क्यांहून जास्त उतारा ही अभिमानाची गोष्ट नसून पहिली धोक्याची खूण आहे. तरीही कित्येक प्रकल्प-अहवालांत उताऱ्याचा आकडा लिहिलेलाच नसतो.

रंगाचंही तसंच. चांदीच्या नॅनोकणांच्या बाबतीत द्रावण पिवळं-तपकिरी होणं ही खरी खूण असते, कारण तो रंग कणांच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या दोलनातून येतो. झिंक ऑक्साइड पांढरं असतं आणि दृश्य प्रकाशात त्याला असा रंग नसतो. त्याचं शोषण सुरू होतं ते ३६५-३७० नॅनोमीटरच्या आसपास, अतिनील भागात. इथे रंग बदलला तो कोकमातल्या अँथोसायनिनचा, मुख्यतः सायनिडिनच्या ग्लायकोसाइडांचा. आम्लात ती लाल, उदासीन पाण्यात जांभळट आणि अल्कात निळी-हिरवी होऊन पुढे विघटन पावतात. कपड्यावरचा सरबताचा डाग साबण लागताच रंग बदलतो ना, तेच इथे चंचुपात्रात घडलं.

अर्काने खरोखर केलं काय

इथे एक मूलभूत गल्लत आहे आणि ती मुळातून सोडवायला हवी. चांदी किंवा सोन्याचे कण बनवताना धातूचा आयन शून्य स्थितीपर्यंत खाली आणावा लागतो, म्हणून अर्कातले फिनॉल क्षपणकाचं काम करतात. झिंक अॅसिटेटमध्ये जस्त अधिक दोन आहे आणि झिंक ऑक्साइडमध्येही ते अधिक दोनच आहे. क्षपण करायला काही उरतच नाही. हायड्रॉक्साइड आयन जस्ताला अवक्षेपित करतात आणि पाणी निघून गेलं की ऑक्साइड होतं. अर्क फार तर जस्ताला धरून ठेवतो, कणांच्या वाढीला आवर घालतो किंवा भाजताना इंधनासारखा जळतो. ‘अर्कातल्या फ्लॅव्होनॉइडांनी जस्ताचं क्षपण केलं’ हे वाक्य अहवालात दिसलं की चांदीच्या प्रयोगाची चौकट जस्तावर बसवली आहे हे ओळखावं.

कोकमाचा अर्क तर उलट दिशेने काम करतो. वाळलेल्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल साधारण १० ते ३० टक्के असतं. २० टक्के धरलं आणि सगळं पाण्यात उतरलं असं मानलं, तर २० मिली अर्कात ०.४ ग्रॅम, म्हणजे १.९ मिलीमोल आम्ल येतं. तीन आम्लगट धरून ते ५.८ मिलीमोल अल्क गिळतं. यातलं काही आम्ल लॅक्टोनच्या रूपात असतं, पण अल्कात लॅक्टोन उघडतं आणि हिशेब तोच राहतो. घातलेल्या २० मिलीमोल अल्कातून उरले १४.२. दहा मिलीमोल जस्ताचं पूर्ण हायड्रॉक्साइड करायला २० लागतात. त्यामुळे पीएच ७ च्या आसपास अडकला आणि ऑक्साइड होण्यासारखी स्थिती आलीच नाही. पानांच्या जवळजवळ उदासीन अर्काला पुरणारं अल्क कोकमाला पुरणार नाही. इतकं साधं कारण, पण पीएच न मोजल्याने ते दिसलं नाही.

आमसुलातलं मीठ

दुसरी गोष्ट कोकणातल्या कुठल्याही घरात माहीत असते, पण प्रयोगशाळेच्या दारात विसरली जाते. आमसूल म्हणजे नुसती वाळवलेली साल नव्हे. रातांब्याची साल मीठ घातलेल्या रसाचे हात देत वाळवतात, तेव्हा ती काळपट, मऊ आणि टिकाऊ होते. आगळातही मीठ असतंच. दहा ग्रॅम आमसुलात एक ग्रॅम मीठ धरलं, तर वापरलेल्या २० मिली अर्कात ३.४ मिलीमोल क्लोराइड आलं.

आता उदासीन पीएच, भरपूर जस्त आणि क्लोराइड हे तिन्ही एकत्र आले की झिंक हायड्रॉक्सिक्लोराइड तयार होतं. खनिजशास्त्रात याला सिमॉनकोलाइट म्हणतात. त्याच्या एका सूत्रात पाच जस्त, आठ हायड्रॉक्सिल, दोन क्लोराइड आणि पाण्याचा एक रेणू असतो. ३.४ मिलीमोल क्लोराइड ८.५ मिलीमोल जस्ताला असं बांधू शकतं, आणि त्याला लागणारं अल्कही उरलेल्या १४.२ मध्ये जवळपास बरोबर बसतं. वजन होतं सुमारे ०.९४ ग्रॅम. त्यावर चिकटलेले सेंद्रिय पदार्थ आणि नीट न धुतलेले क्षार धरले की १.१ ग्रॅमचा उलगडा होतो. थोडं जस्त आम्लाशी बांधलेल्या विद्राव्य रूपात राहिलं, काही धुण्याच्या पाण्यात गेलं आणि काही भुकटीत अडकलं. जिवाणूचाचणीत याच अडकलेल्या जस्ताने गोंधळ घातला.

मार्च ते मे या महिन्यांत किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. ऊर्ध्वपातन यंत्र बंद आहे म्हणून असं पाणी वापरलं तरी हाच प्रकार होतो, फक्त तेव्हा दोष आमसुलाचा नसतो.

आलेख कुठून सुरू होतो

एक्सआरडीचा आलेख २० ते ८० अंशांचा होता, कारण झिंक ऑक्साइडची सगळी शिखरं त्यातच येतात: ३१.८, ३४.४, ३६.३, ४७.५, ५६.६ आणि पुढची. सिमॉनकोलाइटचं सर्वांत ठळक शिखर मात्र ११.२ अंशांवर असतं. आलेख २० पासून सुरू केला की तेच बाहेर राहतं आणि २८ व ३३ अंशांच्या आसपासची छोटी शिखरं ‘अशुद्धी’ म्हणून सोडून दिली जातात. म्हणून नमुन्याबरोबरच्या चिठ्ठीवर ‘५ अंशांपासून’ असं स्पष्ट लिहावं. त्याचा वेगळा खर्च नसतो.

आणखी एक चकवा आहे. मिठाचं सर्वांत मोठं शिखर ३१.७ अंशांवर येतं, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या पहिल्या शिखराच्या अगदी खाली. शुद्ध झिंक ऑक्साइडमध्ये ३६.३ चं शिखर १०० धरलं तर ३१.८ चं साधारण ५७ असतं. पहिलंच शिखर उंच दिसलं तर ४५.४ अंशांवर पाहावं. तिथेही काही असेल तर नमुना पुन्हा धुवावा.

शेररच्या सूत्राने आकार काढताना शिखराची अर्धउंचीची रुंदी रेडियनमध्ये घ्यावी लागते. ३६.२५ अंशांवर ०.४० अंश रुंदी असेल तर उत्तर सुमारे २१ नॅनोमीटर येतं. अंश तसेच ठेवले तर ०.३६ नॅनोमीटर येतं आणि झिंक ऑक्साइडची एकक पेशीच एका बाजूने ०.५२ नॅनोमीटर असते. हा आकार स्फटिकाचा आहे, कणाचा नाही. कण पाहायचे तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

एक्सआरडीची वाट न पाहता महाविद्यालयातच होणारी कसोटी म्हणजे ईडीटीए या धातूचे आयन बांधणाऱ्या संयुगाने केलेलं अनुमापन. १०० मिलिग्रॅम भुकटी थोड्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून १०० मिली करावी. त्यातले १० मिली घेऊन, अमोनिया बफरने पीएच १० ला आणून, एरिओक्रोम ब्लॅक टी वापरून ०.०१ मोलर ईडीटीएने अनुमापन करावं. शुद्ध झिंक ऑक्साइडला १२.३ मिली लागतात, सिमॉनकोलाइटला ९.१. सेंद्रिय पदार्थ जास्त असतील तर त्याहूनही कमी. हा फरक साध्या ब्युरेटवर दिसतो.

एफटीआयआरबद्दल (अवरक्त प्रकाशाच्या शोषणाचा आलेख) थोडक्यात. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या हवेत पोटॅशियम ब्रोमाइड पाणी ओढून घेतं, त्यामुळे ३४०० आणि १६३० प्रति सेंमीच्या आसपासचे पट्टे नुसत्या ओलाव्याचे असू शकतात. त्यांना लगेच ‘फिनॉल’ आणि ‘प्रथिन’ अशी नावं देऊ नयेत. आधी कोरी गोळी चालवून पाहावी.

वलय कशामुळे आलं

कूपपद्धत अशी: म्युलर-हिंटन आगरवर ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं प्रमाणमाप) इतक्या गढूळपणाचं जिवाणू-संवर्ध पसरायचं, ६ मिमीचे कूप पाडायचे, प्रत्येकात ५० मायक्रोलिटर नमुना घालायचा आणि ३५-३७ °से.ला १८ तासांच्या आसपास ठेवायचं. नमुना २० मिलिग्रॅम प्रति मिली असेल तर कूपात १ मिलिग्रॅम जातं.

वलय येण्यासाठी पदार्थ आगरमधून पसरावा लागतो. झिंक ऑक्साइडचे कण गुठळ्या होऊन कूपाच्या तळाशी बसतात. आगरमधून सरकतात ते सुटे जस्त आयन, आम्ल आणि अर्कातले विद्राव्य पदार्थ. त्यामुळे मोठ्या वलयाचा अर्थ ‘कण प्रभावी’ असा होण्यापेक्षा ‘नमुना नीट धुतलेला नाही’ असाच जास्त वेळा होतो. आमच्या मते नॅनोकणांची जैविक क्रिया नुसत्या वलयांवर मांडणं थांबवायला हवं. वलय ही चाळणी म्हणून ठीक आहे, पुरावा म्हणून नाही.

या प्रकरणात चार नियंत्रणं असती तर गोष्ट त्याच दिवशी कळली असती.

झिंक अॅसिटेट, जस्ताच्या समान मापाने. १ मिलिग्रॅम झिंक ऑक्साइडमधल्या जस्ताइतकं जस्त २.७ मिलिग्रॅम झिंक अॅसिटेट डायहायड्रेटमध्ये असतं. तितकंच वलय त्यानेही दिलं, तर कणांचा वेगळा दावा उरत नाही.

नमुन्याचं वरचं पाणी. भुकटी पाण्यात तासभर ठेवून कण बाजूला काढायचे आणि उरलेलं पाणी कूपात घालायचं. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून २० नॅनोमीटरचे कण आरामात निघून जातात, म्हणून ती पुरत नाही. अतिगाळणीची नळी किंवा खूप वेगाचा सेंट्रिफ्यूज लागतो.

अर्क, दोन रूपांत: आहे तसा आणि पीएच ७ ला आणलेला. आमसुलाच्या आंबट अर्काचं वलय बऱ्याच वेळा नुसत्या आम्लाचं असतं. कोकमातलं गार्सिनॉल जिवाणूविरोधी आहे हे खरं, पण ते तेलात विरघळणारं द्रव्य आहे. गरम पाण्याच्या अर्कात ते फारसं उतरत नाही, म्हणून त्याला श्रेय देण्याआधी ते अर्कात आहे हे दाखवावं लागतं.

चौथं, बाजारातलं साधं झिंक ऑक्साइड. नॅनो आकाराने काही फरक पडला का, हे त्याच्याशिवाय सांगता येत नाही.

खरी मोजणी द्रवमाध्यमात करावी. मात्र कण स्वतःच द्रव गढूळ करतात, त्यामुळे प्रकाशशोषणावरून वाढ मोजली तर चुकतं. रेझाझुरिनसारखा रंगदर्शक घेतला तर अर्कातले फिनॉल जिवाणूंशिवायच त्याचं क्षपण करू शकतात. म्हणून दर विरलनातून काढून थाळीवर वसाहती मोजाव्यात. काम कंटाळवाणं आहे, पण आकडा विश्वासाचा मिळतो. भुकटी आधी १६० °से.ला दोन तास कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करावी, मग १५ मिनिटं अल्ट्रासॉनिक टबात धरून लगेच वापरावी. एक संच अंधारात आणि एक उजेडात ठेवावा, कारण अतिनील प्रकाशात झिंक ऑक्साइड क्रियाशील ऑक्सिजन तयार करतं आणि खिडकीशेजारच्या थाळीचा निकाल वेगळा येऊ शकतो.

डीपीपीएचचं प्रकरण कोकमापुरतं खास आहे. ही चाचणी ५१७ नॅनोमीटरवर वाचतात आणि आम्लातलं अँथोसायनिनही नेमकं त्याच पट्ट्यात शोषण करतं. त्यात तरंगते कण प्रकाश विखुरतात. डीपीपीएचशिवायचा कोरा नमुना वजा केल्याशिवाय आणि वाचण्याआधी कण खाली बसवल्याशिवाय आकडा निरर्थक आहे. एवढं केल्यावरही दिसणारी क्रिया बहुतांशी चिकटलेल्या फिनॉलांची असते. जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत फिनॉल तसंच फसवतात: पेशी नसतानाही रंग येतो आणि मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात.

पुन्हा केलेली बॅच

मे महिन्यात पिकलेली रातांब्याची साल, बी काढून, बिनमिठाची, सावलीत आणि मग ५० °से.च्या ओव्हनमध्ये वाळवून हवाबंद डब्यात ठेवावी. पाऊस सुरू झाल्यावर उघड्यावर वाळवली तर बुरशी येते. आमसूलच वापरायची वेळ आली तर आधी क्लोराइड मोजावं. अर्काच्या लाल रंगात मोहर अनुमापनाचा (सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजण्याची रीत) शेवट दिसत नाही, म्हणून १ ग्रॅम साल ५०० °से.ला जाळून राख पाण्यात घ्यावी, पीएच ७ ते १० मध्ये आणून अनुमापन करावं. अर्काचं आम्लही पीएचमीटरवर मोजावं, कारण फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग अँथोसायनिनमध्ये हरवतो.

मग तीन बॅच एकाच दिवशी, एकाच तापमानाला. पहिली कोकमाची. दुसरी अर्काविना, नुसत्या पाण्यात. तिसऱ्या बॅचमध्ये अर्काऐवजी ०.४० ग्रॅम सायट्रिक आम्ल मोनोहायड्रेट, म्हणजे कोकमातल्या आम्लाइतकंच. अल्क मिलीवर न मोजता पीएच ११ येईपर्यंत सोडायचं. कोकमाच्या बॅचला हिशेबाने २६ मिली आणि वर थोडंसं लागेल. १३ च्या पुढे जाऊ नये, झिंक ऑक्साइड झिंकेट होऊन परत विरघळतं. धुण्याच्या पाण्यात विरल नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट टाकून पांढरं दही दिसेनासं होईपर्यंत धुवावं, शेवटी एकदा इथेनॉलने.

प्रत्येक बॅचचा अर्धा भाग ८० °से.ला वाळवून ठेवावा, अर्धा ४५० °से.ला दोन तास भाजावा. भट्टी मिनिटाला ५ °से.पेक्षा वेगाने तापवू नये आणि मूस निम्मीच भरावी, सेंद्रिय पदार्थ पेट घेऊन भुकटी उडते. भाजण्याआधी आणि नंतरचं वजन लिहावं. ४५० अंशांवर अर्कातलं जवळपास सगळं जळून जातं, म्हणून भाजलेल्या कणांवर ‘वनस्पतीचं आवरण’ आहे असं लिहिता येत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवावी: सिमॉनकोलाइट भाजलं तरी झिंक ऑक्साइडच होतं. पहिली बॅच सरळ भट्टीत गेली असती तर आलेख स्वच्छ आला असता आणि चूक झाकली गेली असती. म्हणून न भाजलेल्या भागाचाही आलेख काढणं आवश्यक आहे.

निकाल वाचताना पहिली आणि तिसरी बॅच शेजारी ठेवावी. दोघींचा आकार आणि जिवाणूंवरचा परिणाम सारखा आला, तर काम सायट्रेटसारख्या बंधकाचं आहे, कोकमाचं खास असं काही नाही. असा निकालही प्रामाणिकपणे छापण्याजोगा आहे. वेगळा आला, तरच कोकमातल्या दुसऱ्या द्रव्यांचा शोध घेण्यात अर्थ आहे. धुतलेल्या, भाजलेल्या कणांचं वलय लहान आलं किंवा आलंच नाही तरी घाबरू नये, थाळीवरची वसाहतमोजणी पाहावी.

‘हरित’ हा शब्दही जपून वापरावा. सोडियम हायड्रॉक्साइड तेवढंच लागलं, उलट थोडं जास्तच. भट्टीची वीजही तेवढीच.

धुण्याचं पाणी बेसिनमध्ये ओतू नये. किनाऱ्यावरची बरीच गटारं खाडीला मिळतात. विरघळलेलं जस्त शैवालाला मारक असतं, आणि खाडीतली कालवं जस्त शरीरात मोठ्या प्रमाणात साठवतात. एका बॅचला जेमतेम लिटरभर पाणी निघतं. ते बादलीत साठवून पीएच ९-१० ला आणावं, एक दिवस बसू द्यावं, तळाचा गाळ वाळवून घातक कचऱ्याच्या डब्यात टाकावा आणि वरचं पाणी उदासीन करूनच सोडावं. कोकमाचं आम्ल असलेल्या पाण्यात थोडं जस्त विद्राव्यच राहतं, म्हणून वरच्या पाण्याचंही एकदा ईडीटीएने अनुमापन करावं.